अकरावी स्लाईड

यंदाच्या अंकासाठी 'स्लाईड न लावता प्रभावी भाषण कसं करावं' यावर लिहा, असा संपादकांचा निरोप आला. त्यांच्या मुलाच्या कंपनीत म्हणे पडद्यावर चित्रं लावल्याशिवाय आता कोणाला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. आणि माझ्याबद्दल त्यांनी कुठून तरी ऐकलंय की हा माणूस नुसता उभा राहायचा, बोलायला लागायचा आणि बाया डोळ्याला पदर लावायच्या. ऐकलंय ते खरं आहे. नोकरीची शेवटची बरीच वर्षं मी स्लाईडला हात लावला नाही. पण त्यामागची हकिकत वाचल्यावर संपादकांना हा लेख दिवाळीच्या अंकात घ्यावासा वाटेल का, याची मला शंका आहे.

मी कुष्ठरोगाच्या कामात होतो. हुद्दा, अवैद्यकीय सहायक. म्हणजे हा माणूस डॉक्टर नाही, हे सरकारने नेमणुकीच्या कागदावरच लिहून दिलं होतं. पाहुण्यांत कोणी विचारलं की आमची मंडळी 'आरोग्य खात्यात आहेत' एवढंच सांगून विषय बदलायची. काम साधं होतं. घरोघर जायचं, माणसं उजेडात उभी करायची आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगायचं. मग पेनाचं टोक हलकेच टेकवायचं. जिथे लागलं तिथे बोट ठेवा, म्हणायचं. चांगल्या कातडीवर माणूस पटकन बोट ठेवतो. चट्ट्यावर टोक टेकवलं तर तो तसाच डोळे मिटून वाट बघत बसतो, की हे साहेब अजून कसे टेकवत नाहीत. ती वाट बघणारी तोंडं मला अजून आठवतात.

नव्वदच्या सुमाराला नवी औषधं आमच्याकडे नीट मिळू लागली होती. गोळ्यांच्या पाकिटांवर महिना अन् महिना आखलेला असायचा. रोग साफ बरा होत होता, आणि औषध सुरू झालं की त्या माणसापासून दुसऱ्याला धोकाही राहत नव्हता. हे आम्हाला ठाऊक होतं, पण गावाला नव्हतं. गावाला सांगण्यासाठी मला एक स्लाईड प्रोजेक्टर आणि स्लाईडची लाकडी पेटी मिळाली होती.

आता स्लाईड म्हणजे काय हे नव्या लोकांना सांगावं लागेल. रंगीत फिल्मचा बोटभर चौकोनी तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला असायचा. तो यंत्रात सरकवला की समोरच्या पांढऱ्या चादरीवर माणसाएवढं चित्र. शाळेचा एखादा वर्ग घ्यायचा, खिडक्यांना खताच्या गोण्या ठोकायच्या आणि भरदुपारी अंधार करायचा. गावातले निम्मे लोक सिनेमा समजूनच यायचे. मी चौदा स्लाईड लावायचो आणि प्रत्येकीवर चार वाक्यं बोलायचो. तेवढीच मला येत होती.

खरं तर भाषण माझ्या घरातच होतं. आम्ही बौद्ध. आमच्या केडगावच्या वस्तीत जयंतीला माझे चुलते बैलगाडीच्या साट्यावर उभे राहून तासभर बोलत. हातात कागद नाही, समोर माईक नाही, तरी शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जायचं. त्यांचं ऐकत मी वाढलो आणि नोकरी लागल्यावर मला ते सगळं जुनाट वाटायला लागलं. नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो, पुरावा दाखवला पाहिजे, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो होतो. ते हसले आणि चहा पीत राहिले.

माझा पुरावा म्हणजे अकरावी आणि बारावी स्लाईड. त्या सुभद्राबाईंच्या होत्या. भंडारदऱ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. नवरा नाही, चार वावरं भात आणि एक मुलगी, मंदा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाल सुजलेले, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या, भुवया विरळ. दोन वर्षं गोळ्या लागणार होत्या. त्यांनी त्या एक दिवस न चुकवता घेतल्या. महिन्याची पहिली गोळी माझ्यासमोर घ्यायची असते, तर भर पावसाळ्यातही डोक्यावर इरलं घेऊन धरणाच्या स्टँडपर्यंत चालत यायच्या. औषधाने कातडी काळवंडते, त्यावरून शेजारणी काही बोलल्या तर 'उन्हानं' म्हणून सांगायच्या. दोन वर्षांनी त्यांचा चेहरा इतका नितळ झाला की डॉक्टरांनीही मला शाबासकी दिली.

मी त्यांच्या घरी जेवायचो. आमच्या खात्यातले काही जण पेशंटच्या घरचं पाणीसुद्धा टाळत. माझ्या आईच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. त्यामुळे कोणाच्या घरचं पाणी नको म्हणणं मला जमलं नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो जरा जास्तच होता, असं आता वाटतं.

फोटो मीच काढले होते, एक औषधाआधीचा आणि एक नंतरचा. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं होतं, "सायेब, ह्यो कुनाला दावनार न्हाई ना? मंदीचं लगीन व्हायचंय."

मी म्हणालो, "डॉक्टर लोकांना शिकायला लागतो. बाकी कोणाला नाही."

तेव्हा ते खरं होतं. पुढे मंदाचं लग्न झालं. "खाली बागायतीत दिली," असं सुभद्राबाईंनी मोठ्या समाधानाने सांगितलं. कोणत्या गावात दिली, हे मी विचारलं नाही. मला घाई होती, आणि प्रवरेच्या काठाने बागायती गावं काय थोडी आहेत? नंतर प्रचाराच्या पेटीतल्या सरकारी स्लाईडवर लोक हसायला लागले. त्यात परमुलखातली माणसं होती. आपल्याकडचा चेहरा पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं. नियमाप्रमाणे पेशंटच्या डोळ्यांवर काळी पट्टी लावतात. ती मी स्वतः काळजीपूर्वक लावली आणि दोन्ही स्लाईड पेटीत ठेवल्या. परिणाम जबरदस्त होता. अकरावी लागली की वर्ग चिडीचूप व्हायचा आणि बारावी लागली की लोक चक्क टाळ्या वाजवायचे. कोल्हारला एका म्हाताऱ्याने माझे हात हातात घेतले होते.

ज्या गावात घात झाला त्याचं नाव लिहीत नाही. माणसं अजून आहेत. दुपारचा कार्यक्रम होता, वर्ग भरलेला, बाया एका अंगाला सतरंजीवर. मी अकरावी स्लाईड सरकवली आणि छडीने कानाची पाळी दाखवली. गाल दाखवला. मग छडी खाली आणली, आणि हनुवटीवर आली तेव्हा बायांतून एक आवाज आला. मोठा नव्हता.

"ही तं आपली इहीन हाय."

डोळे मी झाकले होते. हनुवटीवरचं गोंदण झाकलं नव्हतं. तीन ठिपके, त्याखाली तुळशीच्या मंजिरीसारखी एक बारीक रेघ. लग्नात ओटी भरताना विहिणीने विहिणीचा चेहरा जवळून पाहिलेला असतो. तिला डोळ्यांची गरजच नव्हती.

मी घाईने बारावी स्लाईड लावली. ओरडून सांगत होतो की बघा, बरी झाली, पूर्ण बरी झाली. कोणी बघत नव्हतं. कोणी तरी खिडकीची गोणी ओढून काढली आणि वर्गात ऊन आलं. सतरंजीवर एक पोरगी मांडीवर तान्हं बाळ घेऊन बसली होती आणि तिच्या चारी बाजूंची सतरंजी मोकळी झाली होती. मंदाला मी ओळखलंच नाही. तिने मला ओळखलं आणि मान खाली घातली.

लोक निघून गेले. एक म्हातारी तेवढी मागे थांबली, मंदाची आजेसासू. तिला नीट दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. तिने विचारलं, "त्या बाईला आता बरं हाय का रं बाबा?" मी हो म्हणालो. त्या दिवशी सुभद्राबाईंची चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना घेऊन मंदाच्या सासऱ्यांकडे गेलो. त्यांना सगळे आण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता. चहा दिला, आमचं सगळं ऐकून घेतलं. मंदाला तपासलं, बाळाला तपासलं, एक डाग नव्हता. आण्णा म्हणाले, "सायेब, काही न्हाई म्हनता, मग फोटू कशापायी काढला? काही नसतं तर तुमी गावोगाव दावत फिरला असता का?" त्याच आठवड्यात मंदाला बाळासकट चार दिवसांसाठी म्हणून माहेरी पोचवलं. नंतर न्यायला कोणी गेलं नाही.

मी वर गेलो, सुभद्राबाईंना तोंड दाखवायला. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमी म्हनला हुता, कुनाला दावनार न्हाई."

इथे मी जे बोललो ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "बाई, मी डोळे झाकले होते. नियमाप्रमाणे झाकले होते. गोंदणावरून ओळखलं त्यांनी." स्वतःची चामडी वाचवायला बोललो. त्यांनी हनुवटीला हात लावला.

पुढे आठ-नऊ महिने मी आण्णांकडे जात राहिलो. जावई खाली बघून उभा राहायचा. स्लाईडची पेटी मी ऑफिसच्या कपाटात टाकली ती टाकलीच. वरिष्ठांनी दोनदा विचारलं, मी प्रोजेक्टर बिघडलाय म्हणून सांगितलं. मग एके दिवशी कळलं की आण्णांची आई, ती आजेसासू, गेली. नातसुनेला तिच्या मातीलाही आणलं नव्हतं.

आमच्या नगर जिल्ह्यातल्या दशक्रियेची रीत बाहेरच्यांना सांगायला हवी. दहाव्याला नदीकाठी सगळं गाव, सगळे पाहुणे जमतात. महाराजांचं प्रवचन होतं आणि मग माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलतात, पतपेढीचे चेअरमन बोलतात, कारखान्याचे संचालक बोलतात. निवडणूक जवळ असली तर काही विचारू नका. गेलेल्या माणसाला न पाहिलेलेही 'माझे आणि त्यांचे घरोब्याचे संबंध' म्हणून सुरू करतात. सूत्रसंचालन करणाऱ्या गुरुजींकडे मी चिठ्ठी दिली. त्यांनी पुकारलं, "आता आरोग्य खात्याच्या वतीने." खात्याला याचा पत्ता नव्हता.

भाषण कसं केलं, हे संपादकांना हवंय. तर असं. माझ्या हातात काही नव्हतं. ओट्यावर न चढता खालीच उभा राहिलो. सगळ्यांकडे बघायचं धैर्य नव्हतं, म्हणून एकट्या आण्णांकडे बघितलं. आणि चुलत्यांची एक सवय आठवली. ते पहिलं वाक्य नेहमी स्वतःबद्दल बोलायचे.

मी म्हणालो, "शाळेत तो फोटो लावणारा माणूस मीच. त्या दिवशी तुमच्या गावात एकट्या या आजींनी मला विचारलं, त्या बाईला बरं आहे का. मी हो म्हणालो. आज त्यांच्या दहाव्याला खरं सांगतो. रोग गेला, पण बरं नाही. ती बाई दोन वर्षं पावसापाण्यात चालत आली, कारण मी तिला म्हणालो होतो की गोळ्या घेतल्या तर कोणाला कळणारसुद्धा नाही. ती तिचा शब्द पुरता पाळून बसली. मी माझा मोडला. तिचं तोंड दाखवून मी टाळ्या घेत फिरलो. तुमच्या घरात रोग आणला नाही तिने. तुमच्या घरात आणला असेल तर संशय, आणि तो मी आणला. मला गावाबाहेर काढा. तिच्या लेकीला का काढलंत?"

याहून फार जास्त बोललो नाही. रोगाचं शास्त्र सांगितलं नाही, गोळ्यांची नावं सांगितली नाहीत. बोलणं संपलं तेव्हा पुढचं नाव पुकारायचं गुरुजी विसरले. बायांत रडणं सुरू झालं, ते आजीसाठी होतं की मंदासाठी, कळायला मार्ग नव्हता. मंदाच्या सासूने तोंडात पदराचा बोळा घातला होता. आण्णा उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तेरावं झालं की गुरुवारी मान्सं घिऊन जातो. तुमी बी या."

त्या दिवशी घरी जाताना मी एस.टी.त एकटाच हसत होतो. मला वाटलं, जिंकलो. सुभद्राबाईंना लगेच निरोप धाडला, गुरुवारी सहा जण मंदाला न्यायला येताहेत.

गुरुवारी आम्ही जीपने वर गेलो. आण्णा, सासू, जावई, भावकीतले दोघे आणि मी. सुभद्राबाईंच्या ओसरीवर सडा घातलेला, ताटं मांडलेली. पुरणाचा वास बाहेर येत होता. मंदा बाळाला नवं झबलं घालून दारात उभी होती. मग पाण्याचा तांब्या घेऊन सुभद्राबाई बाहेर आल्या.

हनुवटी काळीनिळी झाली होती. मधे उघडी ओली जखम, कडेने फोड, गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. मी एका नजरेत ओळखलं, बिब्बा. निरोप मिळाल्यावर त्यांनी गोंदणावर बिब्बा घातला होता. कोणी तरी सांगितलं होतं म्हणे, बिब्ब्याने कातडी जाते आणि गोंदण निघून येतं. पाहुण्यांनी परत ओळखू नये, लेकीला कोणी 'त्या फोटूतलीची पोरगी' म्हणू नये, म्हणून. आणि तो सगळ्या चेहऱ्यावर उतला होता.

सासूने तांब्या घेतला नाही. जावई दोन पावलं मागे सरकला. मी पुढे झालो आणि सांगायला लागलो, हा बिब्बा उतलाय, महिन्याभरात सुकेल, रोगाचा याच्याशी काही संबंध नाही, हवं तर आत्ता माझ्या तोंडाला बिब्बा लावून दाखवतो. आण्णांनी मला बोलू दिलं. मग मला बाजूला घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, "सायेब, तुमी खोटं बोलत न्हाई, ठावं हाय मला. नदीवर तुमी बोलला तवा माज्या काळजाचं पानी झालं. पन तुमचं भाषन गाव काय रोज ऐकनार हाय का? हे त्वांड रोज बघंल." असं म्हणताना त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी बाळाच्या हातात एक नोट ठेवली आणि "जखम सुकली का येतो" म्हणाले. ती सुकली तरी ते आले नाहीत. जावयाचं दुसरं लग्न त्याच उन्हाळ्यात लागलं.

ते जीपकडे निघाले. मी त्यांच्यामागे जाणार, तेवढ्यात सुभद्राबाईंनी हाक मारली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट फुटत नव्हते.

"सायेब, तुमी तरी जेवून जा. समदं केलंय."

बाकीच्यांना जीप घेऊन जायला सांगितलं आणि मी आत गेलो. सहा ताटं होती. मी भिंतीकडच्या ताटावर बसलो. त्या दिवशी घास उतरला नाही असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी जेवलो. सुभद्राबाई एका हाताने पदराने हनुवटी झाकून दुसऱ्या हाताने वाढत होत्या, आणि त्या वाढतील तेवढं मी खात होतो. नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. दोनदा वाटलं, काहीतरी बोलावं, माफी तरी मागावी. आदल्याच आठवड्यात नदीकाठी शेकडो माणसांपुढे न अडखळता बोललेल्या मला त्या दोन बायांपुढे एक शब्द सुचला नाही.

हात धुऊन आत आलो तेव्हा मंदा उरलेली पाच कोरडी ताटं एकेक उचलून फडताळात ठेवत होती.